डाव्या हाताचा मोजा

मराठी भाषेने पायांचे जेवढे लाड केले, तेवढे हातांचे केले नाहीत. पायांत घालायच्या वस्तूंना आपल्याकडे नावे तरी किती! वहाणा, चपला, जोडे, पादुका, खडावा, पायताण. आणि रागाच्या भरात उगारायचे असेल तर खेटर. पूजेला एक शब्द, शेताला दुसरा, भांडणाला तिसरा. हातांत घालायच्या वस्तूसाठी मात्र आपण पायांकडेच उसनवारी केली. 'मोजा' हा शब्द फारसीतला, आणि फारसीतही तो पायांतलाच. त्याच्यापुढे 'हात' जोडला आणि काम भागवले. जर्मन लोकही हातमोज्याला 'हाताचा जोडा' अशाच अर्थाचा शब्द वापरतात हे कळल्यावर मला थोडा धीर आला. म्हणजे दारिद्र्य एकट्या आपलेच नाही.

हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात. पण आज हातमोज्यांवर लिहायला बसलो आहे तो व्युत्पत्तीच्या ओढीने नव्हे. एका एप्रिल महिन्यात माझ्या उजव्या हातात मोजा होता आणि डाव्या हातात नव्हता. या एका गोष्टीने माझ्या पुढच्या तीन महिन्यांचे जे काय केले ते मला कुणाला तरी सांगायचे आहे. आणि मी डावखुरा आहे, हेही आधीच सांगून टाकलेले बरे.

मी राहतो मंचरला. फटफटीवर माझे पहिल्यापासून प्रेम. फटफटी म्हणजे आताच्या भाषेत बुलेट. पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगाव, तिथून डावीकडे वळून जुन्नर, आणि जुन्नरच्या पुढे कुकडी ओलांडून लेण्याद्री, हा माझा सुट्टीच्या सकाळचा ठरलेला फेरा. लोकांना वाटते, मास्तर मोठा गणेशभक्त आहे. मी कुणाचा गैरसमज दूर करीत नाही. खरे म्हणजे मला तो रस्ता आवडतो. डावीकडे शिवनेरी दिसू लागला की अंगातली पाच-दहा वर्षे कमी झाल्यासारखी वाटतात.

उन्हाळ्यात मात्र या प्रेमाची परीक्षा होते. फटफटीवरचा वारा गार असतो ही समजूत एप्रिलमध्ये दहा मिनिटांत नाहीशी होते. तो वारा भट्टीच्या तोंडातून आल्यासारखा येतो. हँडल तापते, क्लचचा दांडा तापतो, मुठीवर घाम सुटतो आणि रबर हातातून सटकू लागते. हातांची पाठ तर सबंध वेळ सूर्याकडे तोंड करून बसलेली. दोन उन्हाळ्यांत माझे हात मनगटापासून पुढे एका माणसाचे आणि मागे दुसऱ्या माणसाचे दिसू लागले, तेव्हा मी पुण्याला जाऊन 1800 रुपयांचे कातडी हातमोजे घेऊन आलो.

घरी त्यांचे जे स्वागत झाले ते सांगण्यासारखे आहे. सौभाग्यवतींनी ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "अहो, कॉलेजला निघालात की घरफोडीला?"

उन्हाळ्यात कातडे घालायचे म्हणजे वेडेपणाच, असे मलाही आधी वाटले होते. पण चांगला उन्हाळी मोजा ही विचार करून केलेली वस्तू आहे. कातडे बकऱ्याचे, पातळ असूनही चिवट, आणि बोटे मिटताना विरोध न करणारे. गाईम्हशीचे कातडे जास्त जाड, पण क्लच दाबून दाबून बोटे आंबतात. मेंढीचे लोण्यासारखे मऊ, पण फाटायलाही तसेच सोपे. पाठीच्या बाजूला बारीक बारीक भोके पाडलेली असतात, त्यांतून वारा आत शिरतो आणि घाम सुकवतो. घाम सुकला की गारवा, हे आपल्या माठाचेच तत्त्व. तळव्याच्या बाजूला मात्र एकही भोक नाही. तिथे कातडे दुहेरी, शिवण दुहेरी, आणि मनगटाच्या अलीकडे, तळहाताच्या टाचेवर, एक गुळगुळीत टणक चकती. मनगटावर घट्ट पट्टा. हा पट्टा लोक आळसाने बांधत नाहीत. पण पडताना जो मोजा हातातून निघून जातो तो घातला काय आणि न घातला काय, सारखेच.

जाळीच्या कापडाचेही मोजे मिळतात. ते अधिक गार असतात हे खरे. पण नायलॉन रस्त्यावर घासला की तापतो आणि वितळतो. कातडे झिजते, वितळत नाही. युरोपात तर फटफटीच्या हातमोज्यांसाठी 13594 क्रमांकाचे एक मानकच आहे. किती घासले तर फाटावे, शिवण किती ताण सोसावी, हे सगळे त्यात ठरवलेले. आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्याने डोक्याची काळजी घेतली आहे. हातांची ज्याची त्याने घ्यावी. कायद्याला दोष देत नाही. डोके एकच आहे आणि हात दोन आहेत.

तर 2024 च्या एप्रिलमधली ती सकाळ.

लेण्याद्रीचा डोंगर दक्षिणेकडे तोंड करून बसला आहे. सुमारे तीनशे पायऱ्या चढायच्या, आणि नऊ वाजले की त्या काळ्या पाषाणाला हात लावून दाखवावा! वाटेत डोलीवाले उभे असतात. आजीबाईंना खुर्चीत बसवून, खांद्यावर दांडा घेऊन ते वर नेतात. आणि आपण मोकळ्या अंगाने धापा टाकीत त्यांच्या मागे राहतो, ही लाज दर वेळी नवी असते. वर तीसेक लेणी आहेत, सगळी बौद्ध. त्यांतले सातवे म्हणजे मोठा विहार. आत एकही खांब नाही, भोवती भिक्षूंच्या वीस खोल्या, आणि त्यातच आता गिरिजात्मज गणपती. अष्टविनायकांपैकी डोंगरातल्या लेण्यात बसलेला हा एकटाच. शेजारच्या सहाव्या लेण्यात चैत्यगृह आहे. कल्याणच्या एका हेरणिकाच्या, म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार पाहणाऱ्याच्या, मुलाने ते दान दिल्याचे तिथल्या शिलालेखात कोरले आहे. सुलसदत्त त्याचे नाव. जुन्नरच्या लेण्यांमधले असे लेख वाचण्याचा मला छंद आहे. त्यांत धान्याचे व्यापारी आहेत, कासार आहेत, वेळूचे काम करणारे आहेत. त्यांच्या श्रेण्या होत्या आणि त्यांनी दाने दिली. एकदा मी सहज कातडे कमावणारा शोधू लागलो. मोटेशिवाय विहीर नाही, पखालीशिवाय पाणी नाही, वादीशिवाय नांगर नाही; मग तो कुठे आहे? जुन्नरच्या लेखांत तो मला भेटला नाही. भेटला तो दूर आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपावर. विधिक नावाच्या चम्मकाराने आई, बायको, भाऊ, मुलगा, मुली अशा सगळ्या गोताच्या नावाने तिथे पूर्णघट कोरलेली शिळा दिली आहे. मला फार बरे वाटले होते.

पण माकडांविषयी सांगायचे राहिले. लेण्याद्रीला माकडे पुष्कळ. प्रसादाची पिशवी सांभाळायची हे लहान मुलालाही ठाऊक असते. मी पिशवी आणलीच नव्हती, त्यामुळे गाफील होतो. दाराशी जोडे काढले, शिरस्त्राण त्यांच्याशेजारी ठेवले आणि मोजे त्यात टाकले. देवाच्या दारात कातडे नको, हा आईचा संस्कार. आत गेलो. फूल वाहताना नेहमीप्रमाणे डावा हात पुढे झाला आणि नेहमीप्रमाणे मी तो मागे घेऊन उजवा पुढे केला. चाळीस वर्षांची सवय आहे. लहानपणी डाव्या हाताने घास घेतला की आजी त्या हातावर चमचा मारीत असे. शाळेत पेन्सिल मात्र तिला सोडवता आली नाही. तो एवढा एकच किल्ला मी राखला.

बाहेर आलो तो एक थोराड माकड माझ्या शिरस्त्राणात हात घालून बसलेले. त्याने एक मोजा उचलला, हुंगला आणि चाटला. उन्हाळाभराच्या घामाचे मीठ त्यात मुरलेले होते. त्याला मेजवानीच वाटली असेल. मी हातवारे केले. त्याने मोजा तोंडात धरला, लेण्याच्या वरच्या कडेवर जाऊन बसले, आणि बोटांची भोके एकेक तपासून, आत शेंगदाणे नाहीत अशी खात्री झाल्यावर खालच्या झुडपांत भिरकावून दिले. भोवतालच्या मंडळींची छान करमणूक झाली. एक डोलीवाला म्हणाला, "सर, तिकडं काही उतरू नका. एका मोज्यापायी दुसरीकडंच जायचं." मी उतरलो नाही. मोजा डावा होता.

पायथ्याशी आल्यावर खरे म्हणजे उरलेलाही खिशात घालायचा. पण एप्रिलच्या उन्हात निम्मा आराम तरी का सोडा, या हिशेबी वृत्तीने मी उजव्या हातात मोजा चढवला आणि निघालो.

जुन्नरच्या अलीकडे पुढे कांद्याची ट्रॉली होती. उन्हाळी कांद्याचे दिवस. रस्त्यात खड्डा आला, ट्रॉली उसळली आणि सात-आठ कांदे टपाटप खाली उड्या मारून माझ्या दिशेने घरंगळत आले. आमच्या जुन्नर-आंबेगावात रात्री फटफटीवरून जाताना उसातल्या बिबट्याची भीती घालतात. कांद्याची भीती मला कुणी घातली नव्हती. मी ब्रेक दाबला, पुढचे चाक एका कांद्यावर चढले, आणि गाडी खालून निघून गेली.

वेग ताशी चाळीस असेल. ऐकायला हा वेग मामुली वाटतो. पण त्याचा अर्थ सेकंदाला अकरा मीटर. पडणारा माणूस दोन्ही हात पुढे टाकतो. हे ठरवून होत नाही, ठरवून थांबवताही येत नाही. मूल चालायला शिकताना पहिल्या आपटण्यात जे शिकते ते आयुष्यभर टिकते. दोन्ही तळवे एकाच क्षणी, एकाच डांबरावर, एकाच माणसाचे. निसर्गाने केलेला एवढा स्वच्छ प्रयोग मी पुन्हा कधी पाहिला नाही.

उठून बसलो तेव्हा उजवा मोजा तळव्याच्या टाचेपाशी खरवडून पांढरा पडला होता आणि चकतीवर चार ओरखडे होते. आतला हात कोरडा, अखंड. डावा पंजा मी पाहिला आणि लगेच नजर काढून घेतली. आपण वाचकांनीही तसेच करावे. त्यात बारीक खडी होती, एवढे पुरे.

ट्रॅक्टरवाला थांबून मागे धावत आला होता. त्याने माझ्या हातावर पाणी ओतले. काय बोलावे ते न कळून तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "कांदं होतं हो सर, कांदं."

हाडांच्या डॉक्टरांनी जखम धुतली, एक्स-रे काढला. त्यात काही दिसले नाही. पण त्यांनी अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा असतो तिथे बोट दाबले आणि मी कळवळलो, तेव्हा ते म्हणाले, "दहा दिवसांनी पुन्हा फोटो काढू. हे हाड लबाड असतं." मनगटात नावेच्या आकाराचे एक इवलेसे हाड आहे. पसरलेल्या हातावर पडणाऱ्याचे तेच मोडते. मोड कधीकधी पहिल्या फोटोत दिसत नाही. आणि त्याला रक्ताचा पुरवठा इतका जेमतेम की, जुळायला महिने लागतात, कधी जुळतही नाही. दहा दिवसांनी फोटोत केसासारखी रेघ दिसली. दहा आठवडे प्लास्टर.

मोजा असता तर हाड वाचले असते का, असे मी त्यांना विचारले. त्यांनी पोकळ दिलासा दिला नाही. "कातडी नक्की वाचली असती. हाडाचं शपथेवर सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण तुमचा उघडा हात रस्त्याला चिकटून अडकला आणि सगळा भार मनगटावर आला. मोज्यातला हात घसरत गेला. घसरणं चांगलं असतं."

आता डाव्या हाताच्या लेखकाला डावा हात बांधून बसवल्यावर काय होते ते सांगतो. परीक्षेचे दिवस, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर. मी उजव्या हातात तांबडी शाई घेतली. माझे गुणांचे आकडे पहिलीतल्या पोराने काढल्यासारखे येऊ लागले. '7' आणि '9' यांतला भेद तर मलाच कळेना. शेवटी मी तोंडाने गुण सांगायचे आणि सौभाग्यवतींनी मांडायचे असे सुरू झाले. मधूनमधून त्या "एवढेच का दिलेत हो?" म्हणत आणि पुन्हा वाचायला लावत. त्या वर्षी काही मुलांचे दोन-दोन गुण त्यांच्यामुळे वाढले आहेत. आजी असती तर तिला समाधान झाले असते. मी उजव्या हाताने जेवत होतोच, आता लिहीतही होतो. मला मात्र रात्री भीती वाटे. हाड जुळले नाही तर? बोटे मिटतील, पण पेन पेलले नाही तर? उजव्या हाताने मी पत्ता लिहू शकेन, पण वाक्य? माझी वाक्ये त्या हातातून येतच नव्हती. तीन-चार शब्दांनंतर ती दुसऱ्याच कुणाची होत.

हाड जुळले. जुलैत प्लास्टर निघाले. हात वाळक्या फांदीसारखा झाला होता, पण पेन धरले.

मग मी उरलेला एक मोजा घेऊन जुन्नरच्या बाजारात एका पादत्राणे शिवणाऱ्या बाबांकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढे. पुढ्यात रापी, आरी, मेण लावलेला दोरा. पुण्याला जाऊन नवी जोडी घेता आली असती. पण उजव्या मोज्याने मला वाचवले होते, त्याला टाकून देणे मला बरे वाटेना.

बाबांनी मोजा हातात घेतला, वास घेतला, खरवडलेल्या जागी कापाची कड उलटून पाहिली. "आत निळसर दिसतंय, पाहा. क्रोमचं आहे."

मला माझी विद्वत्ता दाखवायची संधी वाटली. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेच्या डोंगरांत हिरडा होतो. आदिवासी मंडळी उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करतात आणि त्यावर त्यांचे घर चालते. 2020 च्या निसर्ग वादळात तीच झाडे मोडली तेव्हा मोठी हळहळ झाली. हिरडा आणि बाभळीची साल यांनी कातडे कमावणे ही आपली जुनी विद्या. कोल्हापुरी चपलेचे कातडे आजही तसेच कमावतात. तेव्हा मी म्हटले, "बाबा, मोजा हिरड्याच्या कातड्याचा करा. आपल्याच डोंगरातला हिरडा."

बाबा हसले. "सर, हिरड्याचं चामडं पायाला. ते ताठ असतं, घामानं काळं पडतं, वाळलं की पापडासारखं होतं. बोटं मिटतील का त्यात? हाताला क्रोमच बरं. पुस्तकात काय लिवलंय ते मला म्हाईत नाही." माझ्या प्रांताभिमानाचा एवढ्यात निकाल लागला.

त्यांनी जमिनीवर कागद पसरला. "हात टेका." मी डावा पंजा टेकला. त्यांनी पेन्सिल हातात घेतली आणि थांबले. मग वर न पाहता विचारले, "हात धरू ना, सर?"

सत्तरीचा माणूस, ज्याने अख्ख्या बाजाराच्या पायांची मापे घेतली आहेत, तो हे विचारीत होता. आमच्या दारी जोडे घेऊन येणाऱ्या माणसाच्या ओंजळीत आजी वरून पैसे टाकीत असे. हात लागू नये म्हणून. ते मी पाहिले आहे, आणि तेव्हा मला त्यात काही वावगे दिसले नव्हते. मी "धरा की" एवढेच म्हणालो. तेही जरा मोठ्याने म्हणालो असेन, कारण शेजारचा कुलपे दुरुस्त करणारा वळून पाहू लागला.

बाबांनी माझा पंजा धरला. बोटांच्या फटींतून पेन्सिल फिरवली, अंगठ्याच्या मुळाशी जुनी जखम चाचपली, मधल्या बोटावरचा घट्टा दाबून पाहिला. "डावखुरे तुम्ही. या हाताचं माप उजव्यापेक्षा जरा वाढतं ठेवावं लागेल." फ्रान्सात ग्रनोबल गावच्या झाव्हिए झूव्हँ नावाच्या कारागिराने शेकडो हात तपासून हातमोज्यांची मापे ठरवली आणि 1834 मध्ये कापणीचा लोखंडी साचा काढला. तेव्हापासून जगभर हात आकड्यांत बसू लागले. बाबांकडे आकडा नव्हता.

आठ दिवसांनी मोजा तयार झाला. तळव्याला अस्तराचे बकऱ्याचे कातडे दुहेरी, बोटांच्या मधल्या पट्ट्या वेगळ्या कापून जोडलेल्या. पाठीवर भोके चपलेच्या पट्ट्याला मारतात त्याच ठोक्याने मारलेली, त्यामुळे जरा मोठी. रंग तांबूस; उजवा काळा. उजव्यालाही टाचेवर ठिगळ लावून दिले. मी बोटे मिटली. क्लच दाबल्यासारखे करून पाहिले. नव्या मोज्याला आखूड वाटणारी बोटे इथे आखूड नव्हती.

"आडवं ताणतं, उभं ताणत नाही," बाबा म्हणाले. "चामडं तसंच कापावं लागतं. न्हाईतर चार दिवसांनी बोटं लांब व्हतात." मग घामाविषयी सूचना: उन्हात वाळवायचे नाही, सावलीत वाळवायचे, कडक झाले तर एरंडेलाचा हात फिरवायचा, तोही थोडा. किती द्यायचे विचारले तर अडीचशे म्हणाले. मी पाचशेची नोट दिली. त्यांनी अडीचशे मोजून परत केले. माझ्या हातात, हाताने.

यंदाच्या चैत्रात मी पुन्हा लेण्याद्रीला गेलो. मोजे पट्ट्यांनी एकमेकांना बांधून सदऱ्याच्या आत ठेवले, म्हणजे देवाच्या दारात कातडे गेलेच; आईला हे सांगितलेले नाही. माकड तेच होते की दुसरे, कोण जाणे. त्याने शिरस्त्राणात हात घालून पाहिला आणि माझ्याकडे अपेक्षाभंग झालेल्या परीक्षकासारखे बघितले. पायथ्याशी त्या डोलीवाल्याने माझे दोन रंगांचे हात ओळखले. डावा मोजा मागून घेतला, घालून मूठ आवळली आणि परत देत म्हणाला, "मस्त आहे. पण दांडा खांद्यावर असतो, सर. खांद्याचं काय निघालं तर सांगा."

पावसाळ्यात उजव्याची टाचेवरची शिवण उसवली आहे. बाबा म्हणाले होते, त्याचाही जोडीदार नवा करून देतो, पण पावसाचं चामडं कापू नये, दसऱ्यानंतर या. दसरा झाला. या रविवारी जाईन म्हणतो.